पाचामुखी परमेश्वर : बहुमत आणि सत्य



चौथीच्या वर्गात तोंडी हिशेबाचा तास चालू आहे. गुरुजी विचारतात, "एका लांब दोरखंडाचे सहा तुकडे करावयाचे आहेत, तर दोरखंड किती ठिकाणी कापावा लागेल?" प्रश्न संपतो न संपतो तोच वर्गात हुशार म्हणून मान्यता पावलेला मुलगा हात वर करून "सहा" असे ठासून सांगतो. "सहा उत्तर कोणाकोणाचे आले?" असे गुरुजी विचारतात आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हातांचे रान उभे राहते. खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने पाटीवर आडवी रेघ ओढून तिच्यावर काप मारून पाहिलेले असतात. तिचे उत्तर पाच आलेले असते. ती इकडेतिकडे पाहते, पाटी पालथी घालते आणि हळूच आपलाही हात वर करते. वर्गाचे एकमत होते. बरोबर उत्तर पाच हे होते आणि ते वर्गात उपस्थितही होते. पण मतगणनेत त्याला एकही मत मिळाले नाही.

असा प्रसंग कोणत्या शाळेत घडत नाही? वर्गप्रमुखाची निवड, सहलीचे ठिकाण, स्नेहसंमेलनातील नाटक, अशा अनेक गोष्टी हात वर करून ठरविल्या जातात आणि ते योग्यच आहे. लोकशाहीचे पहिले वळण मुलांना तेथेच लागते. परंतु आवडीचा निर्णय आणि सत्याचा निर्णय या दोन निराळ्या बाबी आहेत. सहलीला कोठे जावे याचे उत्तर मुलांच्या इच्छेत असते. दोरखंड किती ठिकाणी कापावा याचे उत्तर दोरखंडात असते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नावर मते घेतली, तर ती कितपत विश्वासार्ह असतात? "पाचामुखी परमेश्वर" ही म्हण आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडी आहे. पाच जण एक बोलले म्हणजे ते खरे, हा तिचा भावार्थ. ही म्हण कधी खरी ठरते आणि कधी फसवते, याचा गणिती विचार अठराव्या शतकात फ्रान्समधील एका विद्वानाने केला. त्याचे नाव मार्की द कोंदोर्से. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा तो कायम चिटणीस होता. १७८५ मध्ये त्याने बहुमताने घेतलेल्या निर्णयांची संभाव्यता या विषयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायसभेतील पंच बहुमताने एखाद्याला दोषी ठरवितात तेव्हा तो निर्णय खरा असण्याचा संभव किती, हा त्यातील मुख्य प्रश्न होता.

त्याचा सिद्धान्त बीजगणिताशिवायही समजण्याजोगा आहे. ज्यांची उत्तरे केवळ होय किंवा नाही अशी आहेत, असे हजार प्रश्न तीन माणसांना विचारले असे समजावे. तिघेही साधारण बुद्धीचे आहेत. प्रत्येकाची हजारांपैकी सहाशे उत्तरे बरोबर येतात आणि चारशे चुकतात. तिघे एकमेकांना न विचारता उत्तरे देतात. पहिल्याच्या सहाशे बरोबर उत्तरांपैकी ३६० दुसऱ्याचीही बरोबर असतील आणि त्या ३६० पैकी २१६ तिसऱ्याचीही. म्हणजे २१६ प्रश्नांवर तिघेही बरोबर. पहिले दोघे बरोबर आणि तिसरा चूक असे प्रश्न १४४. आणि असा एकटा चुकणारा तिघांपैकी कोणीही असू शकतो, म्हणून १४४ ची तिप्पट ४३२. दोन्ही मिळून ६४८. एकट्याची ६०० उत्तरे बरोबर येत होती, तिघांच्या बहुमताची ६४८ आली. माणसे तीच, अक्कल तीच. केवळ मते मोजल्याने अठ्ठेचाळीस प्रश्नांचा लाभ झाला. पाच माणसे घेतली तर हा आकडा सुमारे ६८३ वर जातो, अकरा घेतली तर साडेसातशेच्या थोडा वर, आणि एकशे एक माणसे घेतली तर हजारांपैकी सुमारे ९७९ उत्तरे बरोबर येतात. मध्यम बुद्धीच्या एकशे एक माणसांचे बहुमत एखाद्या निष्णात पंडितालाही मागे टाकू शकते, असा हा विलक्षण निष्कर्ष आहे. म्हणीतील परमेश्वर तो हाच, असे कोणी म्हटले तर त्याला हसू नये.

परंतु हे गणित दुधारी आहे, आणि कोंदोर्सेची थोरवी अशी की त्याने दुसरी धार लपविली नाही. तीन माणसांपैकी प्रत्येकाची हजारांत सहाशेऐवजी चारशेच उत्तरे बरोबर येत असतील, तर त्यांच्या बहुमताची बरोबर उत्तरे ३५२ वर घसरतात. एकशे एक माणसे घेतली तर हजारांपैकी जेमतेम एकवीस उत्तरे बरोबर येतात. जेथे प्रत्येक जण चुकण्याकडे थोडासा झुकलेला आहे, तेथे माणसे वाढवीत जाणे म्हणजे चूक पक्की करीत जाणे होय.

येथे कोणी शंका घेईल, की माणूस इतका कसा चुकेल? डोळे मिटून नाणे उडविले तरी हजारांत पाचशे उत्तरे बरोबर यावयाची! ही शंका रास्त आहे. पण नाण्याला पूर्वग्रह नसतो, माणसाला असतो. उन्हाळा का होतो, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. नव्हे, गावातील शिकल्यासवरल्या मंडळींनाही विचारून पाहावा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हे उत्तर वारंवार ऐकू येईल. ते मूर्खपणाचे उत्तर नाही. चुलीजवळ गेले की ऊब अधिक लागते हा रोजचा अनुभव त्याच्या मागे उभा आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, आपल्याकडे हुडहुडी भरलेली असते तेव्हा. त्या वेळी हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लक्ष होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. ही चूक ज्याची त्याची स्वतंत्र नसते. एकाच सामान्य अनुभवातून ती सर्वांच्या मनात एकाच दिशेने उगवलेली असते, आणि म्हणूनच शंभर जणांना विचारल्याने ती एकमेकांत खोडली जात नाही. दोरखंडाच्या प्रश्नात "सहा तुकडे" हे शब्द कानावर पडताच "सहा" हे उत्तर जिभेवर येते, तोही याच जातीचा प्रकार आहे. अशा प्रश्नावर मत घेणे म्हणजे पूर्वग्रहाची शिरगणती करणे होय. ती निरुपयोगी नाही. कोणत्या धड्यावर अधिक वेळ द्यावा हे शिक्षकाला तिच्यावरून अचूक कळते. तिला उत्तर मात्र समजू नये.

सिद्धान्तातील दुसरी अट स्वातंत्र्याची आहे, आणि तीच व्यवहारात सर्वांत आधी मोडते. वरील हिशेबात तिघे एकमेकांना न विचारता उत्तरे देत होते. समजा, दुसरा आणि तिसरा पहिल्याच्या तोंडाकडे पाहून त्याचीच री ओढू लागले. मग तीन मते पडली तरी बरोबर उत्तरे सहाशेच राहतील. तिघांच्या जागी एकशे एक बसविले आणि शंभरांनी पहिल्याची री ओढली, तरीही सहाशेच. हात एकशे एक, मत एक! वर्गातील हुशार मुलाच्या पाठोपाठ जे हातांचे रान उभे राहिले, त्यातील खरी मते किती होती हे कोण सांगणार?

हितोपदेशातील ब्राह्मण आणि तीन धूर्त यांची कथा प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी मुलांना सांगितलेली असेल. यज्ञासाठी बोकड खांद्यावर घेऊन ब्राह्मण निघाला आहे. वाटेत एक कोसाच्या अंतराने तीन धूर्त झाडांखाली बसले आहेत. पहिला विचारतो, "महाराज, कुत्रा खांद्यावर कशाला?" ब्राह्मण त्याला उडवून लावतो. दुसरा तेच विचारतो, तेव्हा तो बोकड खाली ठेवून निरखून पाहतो आणि पुन्हा उचलतो, पण मन डळमळलेले असते. तिसरा तेच म्हणतो, तेव्हा तो बोकड टाकून देतो, स्नान करतो आणि घरी जातो. ही कथा सांगताना ब्राह्मणाच्या भोळेपणाला हसण्याची चाल आहे; परंतु थोडा विचार केला तर ब्राह्मणाचे तर्कशास्त्र चुकीचे नव्हते. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसे निरनिराळ्या ठिकाणी एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती मानण्याकडे कल होणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे. धूर्तांची सारी करामत त्या एका कोसाच्या अंतरात होती. तिघे एकाच झाडाखाली बसले असते तर त्यांची तीन मते एकच आहेत हे ब्राह्मणाने तत्काळ ओळखले असते. संगनमताला त्यांनी स्वातंत्र्याचा वेष चढविला. मते मोजण्यापूर्वी ती कोठून आली हे पाहावे, ही गोष्ट कथाकाराला कोंदोर्सेच्या कितीतरी शतके आधी ठाऊक होती.

संगनमत नसतानाही नुसत्या उपस्थितीचा दाब किती असतो, याचा प्रयोग अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर निरनिराळ्या लांबीच्या तीन रेघा. त्या तिघींपैकी पहिलीइतकी लांब कोणती, एवढेच सांगावयाचे. एकट्याने उत्तर द्यावयाचे असेल तर शंभरांत एकही चूक होऊ नये इतके ते सोपे. परंतु खोलीतील इतर सारे प्रयोगकर्त्याने आधी पढवून ठेवलेले होते आणि ठरलेल्या वेळी ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खरा परीक्षार्थी एकच, आणि त्याची पाळी जवळजवळ शेवटी येई. अशा वेळी एक तृतीयांशाहून अधिक उत्तरे बहुमताच्या मागे जाऊन चुकली. चार परीक्षार्थींपैकी सुमारे तिघे निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेले सोडून लोकांच्या मागे गेले. ही सारी महाविद्यालयात शिकणारी तरुण मंडळी होती. मग दहा वर्षांच्या मुलीने पाटी पालथी घातली तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? याच प्रयोगमालेत आणखी दोन गोष्टी आढळल्या. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर गुपचूप लिहावयास सांगितले तर चुका फार कमी होत. आणि खोलीत बरोबर उत्तर देणारा दुसरा एक जरी जोडीदार असला, तर बहुमताच्या मागे जाऊन केलेल्या चुका सुमारे एक चतुर्थांशावर येत. एकाच सोबत्याने एवढा फरक पडतो.

मते खरोखर स्वतंत्र असली म्हणजे काय घडते, याचा एक प्रसन्न दाखला इंग्लंडातील आहे. १९०६ मध्ये प्लिमथ येथे गुराढोरांचे प्रदर्शन भरले होते. सहा पेनींचे तिकीट घ्यावे आणि एक लठ्ठ बैल कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल याचा अंदाज त्यावर लिहून द्यावा, अशी स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने ती तिकिटे मिळविली आणि १९०७ मध्ये त्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटे चढत्या क्रमाने लावली, तेव्हा बरोबर मधला अंदाज १२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड भरले. चूक नऊ पौंडांची, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. सर्व अंदाजांची सरासरी काढली, तर ती खऱ्या वजनाच्या आणखीच जवळ होती. गाल्टनचा सामान्य जनांच्या बुद्धीवर फारसा विश्वास नव्हता; तरीही जे आढळले ते त्याने प्रामाणिकपणे छापले, हे त्याच्या पदरी घातले पाहिजे. स्पर्धकांत खाटीक होते, शेतकरी होते, नुसते हौशीही होते. कोणी जास्त सांगितले, कोणी कमी, आणि चुका दोन्ही बाजूंना पडल्यामुळे एकमेकींत जिरल्या. भाषण ऐकून कोणी अंदाज लिहिला नव्हता आणि शेजाऱ्याच्या तिकिटात डोकावण्यात कोणाचा लाभ नव्हता.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या विधिमंडळाची हकीकत आहे. गणित शिकविणाऱ्याने ती विसरू नये. एका डॉक्टराची अशी समजूत झाली होती, की वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याची युक्ती आपल्याला सापडली आहे. कंपास आणि पट्टी एवढ्याच साधनांनी हे करता येणे शक्य नाही, असे १८८२ मध्येच सिद्ध झालेले होते. तथापि हा शोध राज्यातील शिक्षणासाठी विनामूल्य वापरू द्यावा असे विधेयक तयार होऊन १८९७ च्या जानेवारीत कनिष्ठ सभागृहापुढे आले. त्यातील एका विधानाप्रमाणे परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३.२ ठरत होते. सभागृहाने ते ६७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले! पाच फूट व्यासाच्या गाडीच्या चाकाचा परीघ या कायद्याने सोळा फूट झाला असता. प्रत्यक्षात तो पंधरा फूट साडेआठ इंच भरतो. लोहार चाकाची धाव किंचित् तोकडी बनवितो आणि तापवून चढवितो; ६७ मतांच्या आधाराने बनविलेली धाव चाकावर साडेतीन इंच सैल बसली असती आणि पहिल्याच उतारावर निखळली असती. योगायोगाने वाल्डो नावाचे गणिताचे एक प्राध्यापक अन्य कामासाठी त्या वेळी विधानभवनात आले होते. त्यांनी वरिष्ठ सभागृहातील सभासदांना वस्तुस्थिती समजावून दिली, आणि विधेयक बेमुदत तहकूब झाले. ते ६७ सभासद काही दुष्ट नव्हते. विषय आपल्याला समजत नाही, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी समजत असेल, असे प्रत्येकाने मानले असावे.

यावर कोणी म्हणेल की शास्त्रज्ञही मते घेतात. २००६ मध्ये प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी कार्डे उंचावून प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले, आणि नऊ ग्रहांची नावे पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांना आठांवर थांबावे लागले. परंतु तेथे मत घेतले गेले ते "ग्रह" हा शब्द कशाला लावावा यावर. प्लूटो सूर्यापासून किती दूर आहे, यावर कोणी मत मागितले नाही.

मग वर्गात हात वर करावयास सांगूच नये की काय? तसे मुळीच नाही. क्रम मात्र बदलावा लागेल. प्रश्न विचारल्यावर प्रथम सर्वांनी पाटीवर उत्तर लिहावे आणि पाटी पालथी घालावी. या वेळी पाटी पालथी घालणे हा सर्वांचा नियम असल्यामुळे त्यात कोणाला लाज वाटत नाही. मग एकाच वेळी सर्व पाट्या वर. हुशार मुलाच्या तोंडाकडे पाहण्यास अवसर उरत नाही. शिक्षकाने कोणते उत्तर किती जणांचे आले ते फळ्यावर लिहावे. आकडे लिहावे, नावे लिहू नयेत. सहा उत्तर तीस जणांचे आणि पाच दोघांचे आले, तर त्या दोघांना एकमेकांचा आधार आपोआप मिळतो. त्यानंतर शेजारी शेजारी बसलेल्यांनी आपापले उत्तर का आले हे एकमेकांना पटवून द्यावे आणि पुन्हा एकदा पाट्यांवर उत्तर लिहावे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून थोड्याफार याच रीतीने शिकवू लागले, आणि चर्चेनंतरच्या खेपेस बरोबर उत्तरे वाढतात असा अनुभव त्यांना वारंवार आला. चर्चा आधी आणि मत नंतर घेतले तर मोठा आवाज जिंकतो. मत आधी आणि चर्चा नंतर झाली तर कारणाला जिंकण्याची संधी मिळते, कारण दोरीवर काप मारून दाखविणारी मुलगी कारण दाखवू शकते आणि "सर्वांचे सहा आले" म्हणणारा ते दाखवू शकत नाही. ही पद्धत वेळखाऊ आहे यात संशय नाही. चाळीस मिनिटांच्या तासात असे दोन प्रश्न झाले तरी पुष्कळ. आणि ज्या शाळेत एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तेथे आठवड्यातून एकदा झाले तरी चालेल. पाट्यांऐवजी पाठकोरे कागदही पुरतात.

कोंदोर्सेची पुढील हकीकत सांगितल्याशिवाय हा विषय सोडवत नाही. मतदार अज्ञानी असतील तर मोठी सभा म्हणजे मोठा धोका, हे त्याच्या गणिताने त्याला दाखविले होते. त्यावरून सामान्य माणसाचे मत काढून घ्यावे असा निष्कर्ष त्याने काढला नाही. शाळा काढाव्या असा काढला. १७९२ च्या एप्रिलमध्ये त्याने फ्रान्सच्या विधानसभेपुढे सार्वजनिक शिक्षणाचा आराखडा मांडला. शिक्षण निःशुल्क असावे, मुलांप्रमाणे मुलींनाही मिळावे, चारशे लोकवस्तीच्या प्रत्येक वाडीला एक शाळा आणि एक शिक्षक असावा, आणि दर रविवारी त्या शिक्षकाने सर्व वयाच्या नागरिकांसाठी व्याख्यान द्यावे, असे त्यात होते. अहवालाचे वाचन चालू असतानाच ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा विषय सभेपुढे आला आणि वाचन मध्येच थांबले. आराखडा मंजूर झाला नाही. १७९३ च्या जानेवारीत राजाच्या शिक्षेवर मते घेण्यात आली, तेव्हा देहान्ताच्या विरुद्ध मत देणाऱ्यांत तो होता. त्याच वर्षी जुलैत त्याच्या अटकेचा हुकूम निघाला. पॅरिसमधील एका विधवेच्या घरी तो कित्येक महिने लपून राहिला आणि मानवी बुद्धीच्या प्रगतीवरील आपला अखेरचा ग्रंथ त्याने तेथेच लिहिला. १७९४ च्या मार्चमध्ये तो घराबाहेर पडला, दोन दिवसांत पकडला गेला आणि कोठडीत मृतावस्थेत आढळला. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले ते १८८१ मध्ये, आणि सक्तीचे झाले त्याच्या पुढच्या वर्षी.